घास खाली उतरू दे

ये, बस. चांदोरीहून पूल ओलांडून आलीस, आधी श्वास घे. भाकरी बाजूला राहू दे, इथं कुणी बघत नाही. काल तू फाईल हातात देऊन 'ताई, हे कसलं नाव?' म्हणालीस, तेव्हाच बोलणार होते; पण तुझ्या सासूबाई समोर होत्या.

अकॅलेशिया. मलाही पहिल्यांदा उच्चारता आलं नव्हतं. लाख माणसांत वर्षाकाठी साधारण एकाला होणारा आजार, मग गावात कुणी ऐकलेला कसा असेल? अगं, हा कॅन्सर नाही. आणि तुझी नाटकंही नाहीत. पंगतीत घासागणिक पाणी पितेस, मधेच उठून उभी राहतेस, लग्नाचं जेवण टाळतेस, हे सगळं मी केलंय. लोक काय काय बोलले ते अजून लक्षात आहे माझ्या.

पुराचे दिवस आठव. पुढे नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्याला पाणी तुंबलं की फुगवटा मागे सरकत आपल्या सायखेड्यापर्यंत येतो. तुझ्या अन्ननलिकेचं तसंच झालंय. जठराच्या तोंडाशी एक झडप असते. आपण गिळलं की ती सैल पडते. तिला सैल पाडणाऱ्या मज्जापेशी तुझ्या हळूहळू नाहीशा झाल्यात. घास पुढे ढकलणाऱ्या लाटाही विस्कटतात. मग जेवण वरच साठतं, आणि रात्री आडवी झालीस की ठसका लागून उशीवर भात येतो. जेवलीस तसाच, न पचलेला. पित्तात जठरातलं आंबट वर येतं. इथे अन्न जठरात पोचलेलंच नसतं. हा एवढा फरक मला कुणी विचारला नाही, आणि माझी तीन वर्षं पित्ताच्या गोळ्यांत गेली. तेरा किलो उतरले होते मी.

'दुर्बिणीत काही दिसलं नाही' म्हणून तू खचलीस ना? सुरुवातीला दुर्बीण नॉर्मल येऊ शकते. ती करायची ती मुख्यतः तिथे गाठ नाही याची खात्री करायला. खरं चित्र बेरियम पिऊन काढलेल्या फोटोत दिसतं: वर फुगलेली नळी, खाली पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं टोक. हा बघ तुझा फोटो, हीच ती चोच. आणि पक्का निकाल मॅनोमेट्रीचा. नाकातून बारीक नळी घालतात, घोट घोट पाणी प्यायला लावतात आणि आतला दाब मोजतात. डोळ्यांत पाणी येतं, खोटं कशाला सांगू. पण ती तू करून आलीस, आता त्या कागदावरची एक ओळ नीट वाच: टाइप 2. तीन प्रकारांत उपचारांना सगळ्यात चांगला प्रतिसाद देणारा हाच. मी हे वाचलं तेव्हा तुझ्यासाठी मला रडू आलं गं, आनंदानं.

गेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे मात्र मनाशी धर. उपाय आहे तो वाट मोकळी करण्याचा. एक, फुग्यानं झडप ताणायची. माझं तेच केलं, दोनदा. दुसरा, तिथला स्नायू कापायचा. 1913 मध्ये जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी हे पहिल्यांदा केलं, आता दुर्बिणीतून पोटाला छोटी छिद्रं पाडून करतात. तिसरा पोएम: तोंडातूनच दुर्बीण घालून आतून स्नायू कापायचा. जपानच्या हारुहिरो इनोए यांनी 2008 मध्ये सुरू केला, आपल्याकडे पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयातल्या डॉ. अमोल बापये यांनी त्यावर बरंच काम केलंय. पोटावर टाका नाही, पण नंतर आम्लाचा त्रास जास्त जणांना होतो. दाजी म्हणतील, महागातलं तेच चांगलं. तसं नसतं. युरोपात 2011 मध्ये फुगा आणि हेलरची शस्त्रक्रिया यांची तुलना छापून आली. दोन वर्षांनी दोन्हीकडे यश जवळपास सारखंच होतं. फुगा मात्र पुन्हा लागू शकतो, आणि ताणताना क्वचित नळीला चीरही जाते. डॉक्टरांना सरळ विचार: तुम्ही स्वतः असे किती केलेत? मला हा प्रश्न विचारायची लाज वाटली होती, तू लाजू नकोस.

तोवर जेवण झोपायच्या तीन तास आधी. उशाकडची बाजू पलंगाच्या पायाखाली विटा घालून उंच कर, नुसत्या उश्या रचू नकोस. भाकरी वरणात कुस्करून खा. रात्रीच्या ठसक्यानंतर ताप आला तर घरी थांबू नकोस, अन्न फुप्फुसात गेलेलं असू शकतं. आणि उपास बंद. एकादशीचं मी बघते, आईशी मीच बोलेन.

मंगळवारी नाशिकला मी येते तुझ्यासोबत. हातात वजनाची वही आणि बेरियमचे फोटो घे. आता हे वरण घे, कोमट आहे. घोट घोट.