नवी कॉइल, तरी जळकी चव?

प्रश्न : मी लंडनला असतो. सिगारेट सुटावी म्हणून व्हेप घेतलं. कॉइल नवीकोरी, तरी पहिल्याच झुरक्याला घशात जळकं लागतं. काय चुकतंय?

उत्तर : कॉइलमधला कापूस कोरडा राहिला, की तापलेल्या तारेने करपतो. बसवण्याआधी कॉइलच्या छिद्रांतल्या कापसावर चार-पाच थेंब लिक्विड सोडा, टाकी भरा आणि दहा मिनिटं थांबा. कॉइलवर छापलेल्या वॅटच्या सर्वांत कमी आकड्यापासून सुरुवात करा. दोन झुरक्यांत अंतर ठेवा. कापूस एकदा करपला, की चव सुधारत नाही, कॉइल बदलाच. ती जळकी वाफ ओढू नका, त्यात फॉर्मल्डिहाइडसारखी घातक द्रव्यं असतात. भारतात येताना व्हेप आणू नका. २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. सिगारेट सुटली, की हळूहळू व्हेपही सोडा.