पेटीनं गप्प राहावं

मिरज

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

संगणकाशेजारी ठेवायची स्पीकरची जोडी तू घरीच करणार, हे वाचून फार आनंद झाला. तुझं निम्मं पत्र अॅम्प्लिफायरच्या वॅटवर आहे. वॅटचं नंतर बघू, आधी पेटीचा विचार कर.

सुट्टीत साताऱ्याहून इकडे ये, सतारमेकरांच्या दुकानांत तुला नेतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं नीट पाहा. नुसती तार फारशी हवा हलवत नाही. तिचा नाद भरतो तो तबली आणि भोपळ्यामुळे. वाद्याच्या अंगानं बोलायलाच हवं. स्पीकरचं नेमकं उलट. गाणं आधीच गायलं गेलेलं असतं. पेटीनं त्यात स्वतःचा सूर मिसळला, तर तंबोऱ्याची जवारी गढूळ ऐकू येते.

मग पेटी हवी कशाला? स्पीकरमधल्या ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाचा, कोन पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. उघड्या ड्रायव्हरच्या या दोन लहरी कडेनं एकत्र येतात आणि खर्ज तिथंच विरतो. बंद पेटी मागची लहर कोंडून ठेवते.

तीन इंची फुल रेंज ड्रायव्हर घे, म्हणजे क्रॉसओव्हरची भानगड नाही. पेटी किती लिटरची हवी, ते ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात बघ. आतून १२ × १२ × १८ सेंमी घेतलंस तर साधारण २.६ लिटर होतात. हीच मापं बाहेरून धरलीस आणि पेटीची एमडीएफची फळी १२ मिमीची असली, तर आत जेमतेम १.४ लिटर उरतात. म्हणून कापण्याआधी कागदावर हिशेब कर.

सांधे फेविकॉलनं हवाबंद कर, आत एक आडवी पट्टी बसव आणि उशीतला पॉलिस्टरचा कापूस सैलसर भर. कापताना तोंडाला मास्क हवाच. साताऱ्याच्या पावसात एमडीएफ फुगतो, तेव्हा कडांना सीलर लावल्याशिवाय रंग देऊ नकोस.

वायर जोडण्याआधी दीड व्होल्टचा सेल ड्रायव्हरच्या टोकांना क्षणभर टेकव. कोन पुढे आला, तर सेलचं धन टोक जिथं लागलं तिथं खूण कर. दोन्ही ड्रायव्हरना खुणा करून जोडणी सारखी ठेव. एक जरी उलटा लागला तरी खर्ज हरवतो.

शेवटी पेटीवर बोटाच्या पेरानं ठोकून बघ. घुमली तर आणखी एक पट्टी लाव. मग ओळखीच्या गायकाचं ध्वनिमुद्रण लाव आणि मागचा तंबोरा स्वच्छ ऐकू येतो का, ते ऐक.

ड्रायव्हर साधा असला तरी चालेल, पेटीत मात्र कसूर करू नकोस.

तुझा
मामा