सनदेच्या अर्जात जुना गुन्हा कसा लिहावा

एलएलबी झालेल्या गोंदिया जिल्ह्यातल्या मुलामुलींना सनदेसाठी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे अर्ज करावा लागतो. रस्ता रोको, जुगार किंवा भावकीतल्या मारहाणीत कधी नाव आलं असेल, तर गुन्ह्याच्या रकान्यापाशी हात अडतो. घाबरू नका. गुन्हा नोंदला गेला म्हणून सनद अडत नाही; लपवाछपवी मात्र अंगाशी येते.

कृती

1. माहिती काढा. आठवणीवर विसंबू नका. ई-कोर्ट्सवर स्वतःच्या नावाने शोधा. तिथे सापडलं नाही, तर पोलीस ठाण्यातून अपराध क्रमांक, वर्ष आणि कलमं घ्या.

2. नकला मिळवा. खटला आमगाव, देवरी, तिरोडा जिथे चालला, तिथे नकलेचा अर्ज द्या. एफआयआर, दोषारोपपत्र आणि निकालाची प्रमाणित प्रत घ्या. खटला प्रलंबित असेल तर अलीकडचा रोजनामा घ्या.

3. शेवट काय झाला ते ओळखा. निर्दोष सुटका, तडजोड आणि शिक्षा या वेगळ्या गोष्टी आहेत. जुगाराच्या केसमध्ये गुन्हा कबूल करून दोनशे रुपये दंड भरला, तर 'केस मिटली' असं घरचे म्हणतात. कायद्याने ती दोषसिद्धीच असते.

4. कायदा ताडून पाहा. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 24अ नुसार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर नोंदणी होत नाही. सुटकेनंतर दोन वर्षांनी ही अपात्रता संपते. परिवीक्षा कायद्याखाली सोडलेल्याला ती लागत नाही.

5. प्रश्न नीट वाचा. 'शिक्षा झाली का' आणि 'गुन्हा दाखल झाला का' हे दोन प्रश्न आहेत. निर्दोष सुटलेल्यानेही दुसऱ्या प्रश्नाला 'होय' लिहावं.

6. थोडक्यात लिहा. 'अप. क्र. …, पोलीस ठाणे देवरी, कलम 143, 341 भादंवि. दि. … रोजी निर्दोष मुक्त. निकालाची प्रत जोडली आहे.' कैफियत नको. भादंविची (भारतीय दंड विधानाची) जुनी कलमं नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलमांत बदलू नका. कागदावर आहेत तशीच ठेवा.

7. शपथपत्र जुळवा. अर्जातली आणि शपथपत्रातली माहिती तंतोतंत एक हवी. अर्ज दिल्यानंतर नवा गुन्हा दाखल झाला, तर लेखी कळवून पोच घ्या.

महत्त्वाची बाब लपवून मिळवलेली नोंदणी कलम 26 नुसार भारतीय विधिज्ञ परिषद रद्द करू शकते, तेही वकिली सुरू झाल्यावर. शंका असेल तर अर्जाआधीच गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत मदत मिळते.