अंथरूण ओले करणारे मूल

सात वर्षांचा मुलगा सुटीत मामाकडे जायला तयार नाही. पोट दुखते म्हणतो. खरे कारण आईला ठाऊक आहे. तो अजून झोपेत अंथरूण ओले करतो आणि मामेभावंडांना ते कळेल, ही त्याला धास्ती आहे. "एवढा घोडा झालास, लाज नाही वाटत?" असे आपण अशा मुलाला सहज बोलून जातो. परंतु लाज तर त्याला आधीच पुष्कळ वाटत असते.

हे असे का होते? हा आळस नव्हे, हट्टही नव्हे. रात्री लघवी कमी व्हावी म्हणून मेंदूतून एक संप्रेरक स्रवते. काही मुलांत ते अपुरे पडते. काहींच्या मूत्राशयात लघवी फार वेळ राहत नाही, आणि ते भरले तरी मुलाला जाग येत नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे १५, तर दहा वर्षांच्या शंभरांपैकी सुमारे ५ मुलांना हा त्रास असतो. पुष्कळदा तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो.

आईबापांनी काय करावे?

१. दिवसा भरपूर पाणी द्यावे, निजण्याआधी कमी. रात्री चहा देऊ नये.
२. निजताना लघवीला पाठवावे. बद्धकोष्ठ असल्यास त्यावर उपाय करावा.
३. चादरीखाली रबरी कापड घालावे. सकाळी चादर काढताना मुलाने हात लावावा, पण शिक्षा म्हणून नव्हे.
४. मारू नये. पाहुण्यांसमोर, भावंडांसमोर हा विषय काढू नये.

सात वर्षांनंतरही त्रास राहिला तर डॉक्टरांना विचारावे. अंथरूण ओले होऊ लागताच वाजणारी घंटा हा जुना व गुणकारी उपाय आहे. अमेरिकेतील मोरर पतिपत्नींनी १९३८ साली त्याविषयी लिहिले. त्याला दोनतीन महिने धीर धरावा लागतो. औषधेही आहेत. मात्र सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, फार तहान लागू लागली किंवा लघवीला जळजळ होऊ लागली, तर थांबू नये, लगेच दाखवावे.

आणि वडिलांना स्वतःला लहानपणी हा त्रास असेल, तर त्यांनी मुलाला जवळ घेऊन तसे सांगावे. "मलाही होत होते रे, मग थांबले." एवढ्या बोलण्याने त्याचे निम्मे ओझे उतरते.

विचारासाठी प्रश्न : आपल्या घरी मुलाची चूक आणि मुलाची अडचण यांत आपण फरक करतो काय?