थंड्याचा कॅन फ्रीझरमध्ये ठेवताय? आधी हे वाचा

मैत्रिणींनो, उन्हाळा सुरू झाला की पिरवाडीच्या किनाऱ्यावर असो नाहीतर घारापुरीच्या पायऱ्यांवर, पाणी आणि थंडा यांनाच सगळ्यात जास्त मागणी. गिऱ्हाईक दुकानाशी आलं की पहिला प्रश्न विचारतं, "थंड आहे ना?" म्हणून मग आपण लवकर गार व्हावं यासाठी कॅन फ्रीझरमध्ये टाकतो. घरात पोरंही तेच करतात. यात नेमकं काय बिघडतं, ते या अंकात समजून घेऊ.

कॅन दिसतो हलका, पण त्यात सोड्याचा वायू दाबून भरलेला असतो. दाब किती, ते आपल्या कुकरवरून बघा. शिट्टी होताना कुकरमध्ये जेवढा दाब असतो, साधारण तेवढा दाब फ्रीजमधल्या गार कॅनमध्येही असतो. तोच कॅन बाहेर खोलीत ठेवला तर दाब कुकरच्या दुपटीहून जास्त होतो. वाफ गेल्याशिवाय कुकरचं झाकण आपण कुणी उघडत नाही. कॅन मात्र बिनधास्त हाताळतो, कारण तो शिट्टी देत नाही!

आता हा कॅन गोठला तर काय होतं? पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे ९ टक्के जास्त जागा घेतो. कॅनमध्ये वर जेमतेम थोडीशी जागा रिकामी असते, तेवढ्यात हे वाढलेलं माप मावत नाही. शिवाय वायू पाण्यात विरघळतो, बर्फात नाही. जसजसा बर्फ होतो तसतसा वायू बाहेर ढकलला जातो आणि उरलेल्या जागेत कोंडतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी दाब वाढतो. गॅसचा सिलिंडर भरताना मुद्दाम काही भाग रिकामा सोडतात, आतल्या गॅसला फुगायला जागा हवी म्हणून. उरणला गॅस भरण्याचा मोठा प्रकल्प आहे, तिथे काम करणाऱ्या कुणालाही विचारा. कॅनमध्ये तशी सोय नाही.

कॅनचा तळ आत वळलेला असतो, पालथ्या वाटीसारखा. दाब वाढला की आधी तो तळ बाहेर येतो, मग झाकण फुगतं, आणि शेवटी कॅन फाटतो. काही वेळा तो फ्रीझरमध्ये फाटत नाही, काठावर येऊन थांबतो, आणि आपण हातात घेतला की फुटतो. खरी भीती याचीच, कारण त्या वेळी आपलं तोंड कॅनच्या वर असतं. साखर नसलेला थंडा तर गोड थंड्यापेक्षा लवकर गोठतो.

घारापुरीच्या ताईंनी याकडे जास्त लक्ष द्यावं. बेटावर समुद्राखालून वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर, त्यामुळे थंडा म्हणजे बर्फाची पेटी. आता डीप फ्रीझर आले. सोमवारी लेणी बंद असतात. रविवारी संध्याकाळी घाईत फ्रीझरमध्ये टाकलेले कॅन मंगळवारी सकाळपर्यंत तसेच राहिले, तर पूर्ण दगड होतात. एक कॅन फुटला की चिकट पाणी सगळ्या मालावर, आणि २४ कॅनच्या ट्रेतले किती विकण्याजोगे राहिले ते मोजत बसायचं. गटाच्या कर्जातून फ्रीझर घेतला असेल तर हप्ता काही थांबत नाही. बऱ्याच डीप फ्रीझरला फ्रीझर आणि कूलर असं बटण असतं. थंडा ठेवायचा तर ते कूलरवर हवं. बर्फ आणि आइस्क्रीम ठेवायचं असेल तर थंड्याला दुसरी जागा शोधा, दोन्ही एकत्र चालत नाही.

गोठलेला कॅन सापडलाच तर उघडू नका, आपटू नका. गरम पाण्यात घालणं, उन्हात ठेवणं तर अजिबात नको. जाड टॉवेल किंवा गोधडीचा तुकडा त्यावर टाका, तोंड बाजूला ठेवून उचला, खोल टोपात उभा ठेवा, वर झाकण घाला आणि तो टोप फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर राहू द्या. पोरांना सांगून ठेवा की त्या टोपाला हात लावायचा नाही. हळूहळू वितळला की वायू बराचसा परत पाण्यात मुरतो. पण तळ बाहेर आलेला किंवा झाकण फुगलेला कॅन वितळल्यावरही गिऱ्हाइकाला देऊ नका. मोरीत, त्यावर ओलं फडकं टाकून, थोडा थोडा उघडा आणि ओतून द्या. काचेची बाटली तर फ्रीझरमध्ये कधीच नको. कॅन फाटतो, काच उडते.

मग लवकर गार कसा करायचा? जुनी बर्फाची पेटीच बरी, पण नुसता बर्फ नको, अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी. पाणी कॅनला सगळीकडून लागतं म्हणून पंधरा-वीस मिनिटांत चांगला गार होतो, आणि शून्याच्या खाली जात नाही म्हणून गोठतही नाही. फक्त त्यात मीठ घालू नका. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो ते कुल्फी गोठावी म्हणूनच! मासळीचा बर्फ वापरलात तर कॅन चांगल्या पाण्याने धुऊन, पुसून द्या. तो बर्फ खाण्यासाठी केलेला नसतो.

होडीत हिंदकळलेला ट्रे आला की लगेच विकायला काढू नका, थोडा वेळ स्थिर राहू द्या. कॅनवर टिचक्या मारल्या की फेस बसतो असं सगळे म्हणतात. डेन्मार्कमध्ये हजारावर बिअरचे कॅन घेऊन हे तपासलं, टिचकीने काही फरक पडला नाही. वेळ दिला तरच फेस बसतो.

उष्णतेतही हीच गोष्ट. पत्र्याच्या शेडखाली उन्हात, बंद गाडीत किंवा चुलीजवळ ट्रे ठेवू नका. तारीख उलटलेले भरलेले कॅन कचऱ्याबरोबर जाळू नका, आधी उघडून रिकामे करा.

डोळ्याला तुकडा लागलाच तर चोळू नका, आत काही रुतलं असेल तर काढायला जाऊ नका, पाण्याचा मारा करू नका. कागदी कप डोळ्यावर दाब न देता पालथा धरा, चिकटपट्टीने लावा आणि लगेच दवाखाना गाठा. नुसता थंडा उडाला असेल तर मात्र स्वच्छ पाण्याने डोळा हळू धुवा. गाडी लागली तर १०८ फोन करा, फुकट आहे. घारापुरीहून होडीनेच यावं लागतं, म्हणून तिथल्या ताईंनी होडीवाल्याचा नंबर दुकानात भिंतीवर लिहून ठेवावा.