ऑर्डर घेण्याआधी ग्लेझ तपासा: १२३० अंशांच्या भट्टीसाठी टेस्टिंगचा धडा



आपल्या बॅचमधल्या एका ताईंना सदरमधल्या एका कॅफेकडून ६० कपांची ऑर्डर मिळाली. कप २५० रुपयांना, म्हणजे एकूण १५,००० रुपये. ग्लेझची रेसिपी त्यांनी इंटरनेटवरून घेतली, मातीची पोती ओळखीच्या दुकानातून आणली, भट्टी लावली. कप सुंदर निघाले. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, "सर, कप तर मस्त दिसून राहिले, पण चहा खालून झिरपून राहिला!" सगळे ६० कप परत आले.

चूक कुठे झाली? रेसिपी वाईट नव्हती. ती त्यांच्या मातीवर, त्यांच्या भट्टीत कधी तपासलीच नव्हती. आजचा धडा याच तपासणीचा.

आधी माती, मग ग्लेझ

माठ झिरपतो म्हणून त्यातलं पाणी थंड राहतं. तो माठाचा गुण आहे. कपाचा मात्र तोच दोष ठरतो. म्हणून चहा-कॉफीच्या भांड्यांना जास्त तापमानाची, घट्ट होणारी स्टोनवेअर माती लागते. आपल्या विदर्भात हा विचार नवा नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारकामाला नव्या तंत्राची जोड दिली.

लहान स्टुडिओत इलेक्ट्रिक भट्टी बहुतेक कोन ६ पर्यंत चालवतात. म्हणजे तापवण्याच्या वेगानुसार साधारण १२२० ते १२४० अंश सेल्सिअस. वीज कमी लागते, कॉइल जास्त टिकते. पण बाजारातली पुष्कळ स्टोनवेअर माती १२८० अंशांच्या आसपास पिकते. ती १२३० वर काढली तर आतून कच्ची राहते. ताईंच्या मातीचं हेच झालं होतं.

तपासणी सोपी आहे. ग्लेझ न लावलेला, पूर्ण भाजलेला तुकडा वजन करा. पाण्यात दोन तास उकळा, रात्रभर पाण्यातच ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. ३०० ग्रॅमचा तुकडा ३०६ झाला तर शोषण २ टक्के, ठीक आहे. ३१८ झाला तर ६ टक्के. अशा मातीचे कप विकू नका, कितीही चांगलं ग्लेझ लावलं तरी.

ग्लेझमध्ये असतं काय?

तीन कामं लक्षात ठेवा. क्वार्ट्झ (सिलिका) काच बनवतं. फेल्डस्पार, कॅल्शियम आणि बोरॉनचं फ्रिट ही मंडळी त्याला वितळवतात. चायना क्लेमुळे ग्लेझ दाट राहतं, भांड्यावरून ओघळत नाही. १२३० अंशांवर फेल्डस्पार आणि कॅल्शियम एकटे पुरत नाहीत, म्हणून बोरॉन लागतं.

सुरुवातीला पाठ होईल अशी एक प्रसिद्ध बेस रेसिपी: फेल्डस्पार २०, बोरॉन फ्रिट २०, वोलास्टोनाइट २०, चायना क्ले २०, क्वार्ट्झ २०. झाले १००. रंग या १०० च्या वर मोजायचा. कोबाल्ट ऑक्साइड अर्धा ते एक टक्का टाकलं तर निळा, आयर्न ऑक्साइड ८ ते १० टक्के टाकलं तर गडद तपकिरी.

पण अमेरिकन रेसिपीतलं फेल्डस्पार आणि राजस्थानातून येणारं फेल्डस्पार एकसारखं नसतं. फ्रिटचंही तसंच. नाव तेच, आतलं प्रमाण वेगळं. म्हणून पुरवठादाराकडून रासायनिक विश्लेषणाचा कागद मागा, आणि नवीन पोतं उघडलं की पुन्हा टेस्ट घ्या.

एका वेळी एकच बदल

ताईंनी नवी माती घेतली, शोषण २ टक्क्यांच्या आत आलं. तरी ग्लेझवर बारीक भेगांचं जाळं आलं. याला क्रेझिंग म्हणतात. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं आणि तडकतं. पहिला उपाय म्हणजे क्वार्ट्झ वाढवणं. किती वाढवायचं? अंदाजाने नाही, असं:

१. डबा 'अ': बेस १०० ग्रॅम, पाणी घालून एकूण १५० मिली.
२. डबा 'ड': तोच बेस १०० ग्रॅम आणि वर १५ ग्रॅम क्वार्ट्झ, पाणी घालून तेवढंच १५० मिली.
३. दोन्ही ८० मेशच्या चाळणीतून गाळा.
४. 'ब' साठी ४० मिली 'अ' आणि २० मिली 'ड'. 'क' साठी उलट, २० मिली 'अ' आणि ४० मिली 'ड'.

दोनदाच वजन केलं, पण क्वार्ट्झच्या शून्य, ५, १० आणि १५ अशा चार टेस्ट तयार झाल्या! ताईंच्या टाइल्सवर ५ ला भेगा होत्या, १० ला नव्हत्या, १५ ला पृष्ठभाग थोडा निस्तेज झाला. त्यांनी १० घेतलं.

टाइल उभी ठेवा, म्हणजे ओघळ कळतो. वरचा अर्धा भाग दोनदा बुडवा, म्हणजे जाडीचा फरक दिसतो. मागे आयर्न ऑक्साइडने नंबर लिहा आणि खाली जुना तुकडा ठेवा, शेल्फ वाचतं. ओघळ आला तर चायना क्ले थोडी वाढवा. कोरडं, न वितळलेलं वाटलं तर फ्रिट वाढवा. टाचणीएवढी भोकं दिसली तर शेवटच्या तापमानावर १०-१५ मिनिटं थांबा.

नागपूरची भट्टी, नागपूरचा उन्हाळा

कंट्रोलरचा आकडा फक्त तापमान सांगतो. मातीला प्रत्यक्षात किती उष्णता मिळाली हे कोन वाकल्यावरच कळतं. वरच्या आणि खालच्या शेल्फवर ५, ६, ७ नंबरचे कोन ठेवा. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं तर भट्टी रेंगाळते आणि निकाल बदलतो. मे महिन्यात बादलीतलं पाणीही उडतं, ग्लेझ दाट होतं. म्हणून बुडवण्याआधी दरवेळी १०० मिली ग्लेझचं वजन करा. १४५ ग्रॅमवर छान निकाल आला असेल तर नेहमी १४५ च ठेवा.

विकण्याआधीच्या तीन परीक्षा

• कप रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग बादलीत उभा ठेवून उकळतं पाणी ओता. तीनदा करा. शाई चोळून भेगा पाहा.
• आत लिंबाची फोड रात्रभर ठेवा. रंग उडाला तर ते ग्लेझ जेवणाच्या भांड्याला नको.
• पाणी भरून कप वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. कागद कोरडा राहायला हवा.

शिसं असलेलं ग्लेझ खाण्यापिण्याच्या भांड्यांना वापरूच नका. मोठ्या ऑर्डरआधी शिसं आणि कॅडमियमची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्या, घरची लिंबाची परीक्षा तिची जागा घेत नाही. आणि कोरडी पावडर हाताळताना चांगला मास्क हवाच. क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

हिशेब

टेस्टसाठी वेगळी भट्टी लावायची गरज नाही. नेहमीच्या मालाच्या फटीत १०-१२ टाइल्स सहज बसतात. खर्च दोन-तीनशे ग्रॅम मालाचा आणि एका वहीचा. वहीत तारीख, पोत्याचा बॅच नंबर, वजन, जाडी, शेल्फ आणि कोन लिहा. ही वही हेच तुमचं खरं भांडवल.

ताईंनी पुढच्या वेळी कॅफेला आधी दोन नमुना कप दिले, पंधरा दिवस वापरायला सांगितलं आणि मगच ॲडव्हान्स घेतला. तुम्हीही तसंच करा. पहिल्या चार टाइल्स याच आठवड्यात भट्टीत जाऊ द्या!