जुन्या मालटेम्पोची विक्री व नावबदल

पुण्यास गुलटेकडी येथील मार्केट यार्डात माल पोचविण्याकरिता कित्येक शेतकरी स्वतःचा टेम्पो बाळगतात. तो जुना झाला म्हणजे ओळखीत विकला जातो, आणि पैसे व किल्ल्या यांची देवघेव झाली की व्यवहार संपला, असे समजले जाते. ही समजूत घातक आहे. नोंदणी बदलली नसेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावरच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. यास्तव विक्रेत्याने पुढील क्रम पाळावा :

१. वाहनावर कर्ज असल्यास ते फेडावे व नमुना ३५ वर कर्ज देणाऱ्या संस्थेची सही घेऊन बोजा उतरवावा.

२. हस्तांतरणाची सूचना नमुना २९ वर व नावबदलाचा अर्ज नमुना ३० वर करावा. कोऱ्या नमुन्यावर सही कदापि देऊ नये.

३. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० अन्वये, राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत व खरेदीदाराने ३० दिवसांत प्रादेशिक परिवहन कार्यालयास कळवावे. विक्रेत्याने सूचनेची पोच जपून ठेवावी.

४. नोंदणी, विमा, प्रदूषण-तपासणी व योग्यता ही प्रमाणपत्रे मुदतीत असल्याची खात्री करावी.

५. विम्यावरील नाव बदलण्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा.

खरेदीदाराच्या नावाचे नोंदणी प्रमाणपत्र प्रत्यक्ष पाहिल्यावरच विक्री पुरी झाली असे मानावे.